चंचुपात्रापासून चार्जरपर्यंत

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेला आलेला महापूर कोल्हापूर जिल्ह्यातील लोक विसरलेले नाहीत. राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. शहराच्या काही भागांचा आणि अनेक गावांचा वीजपुरवठा थांबला. अशा वेळी बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवण्याचे साधन म्हणजे हातातला मोबाइल, आणि त्याची बॅटरी एक-दोन दिवसांत संपते.

या घटनेत खगोलशास्त्राचा एक विलक्षण योग दडलेला आहे. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर. सूर्य वर्षातून दोनदा कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, एकदा ६-७ मेच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा ६ ऑगस्टच्या सुमारास. मे महिन्यात आपण शून्य सावलीचा दिवस म्हणून विद्यार्थ्यांना अंगणात नेतो. ऑगस्टमधला दिवस मात्र ढगांमुळे सहसा दिसत नाही. म्हणजे पुराचे पाणी चढत होते, त्याच दिवसांत दुपारचा सूर्य अगदी माथ्यावर होता, फक्त ढगांच्या पलीकडे!

मग प्रश्न असा पडतो की, घरी तयार केलेला एखादा लहानसा सौर चार्जर त्या आठवड्यात उपयोगी पडला असता का? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी सौर चार्जर कशाकशाचा बनतो आणि त्यातला प्रत्येक भाग कुठून आला, हे पाहावे लागते. या कथेतील एक महत्त्वाचे प्रकरण खुद्द कोल्हापुरात घडले आहे. सुरुवात मात्र मुंबईपासून करू.

कुलाब्यातील आरसे

सूर्याच्या ऊर्जेवर यंत्र चालवण्याचा आपल्या भागातला एक जुना प्रयोग १८७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत झाला. तो करणारा विल्यम अ‍ॅडम्स हा मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक होता. फ्रान्समध्ये ओग्युस्तँ मूशो याने शंकूच्या आकाराच्या धातूच्या परावर्तकाने पाण्याची वाफ करून दाखवली होती. पण चकचकीत धातूचे मोठे परावर्तक महाग पडत आणि लवकर काळवंडत. अ‍ॅडम्सने त्याऐवजी साधे, सपाट काचेचे आरसे वापरले. अनेक लहान आरसे एका चौकटीत अशा कोनात बसवले की, सर्वांचा प्रकाश एकाच बाष्पकावर पडावा. या मांडणीवर त्याने अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन चालवून दाखवले. १८७८ साली त्याने या विषयावर पुस्तकही लिहिले. उष्ण कटिबंधातील देशांत सूर्याची उष्णता इंधनाची जागा घेऊ शकेल, असा त्यातील मुद्दा होता.

अ‍ॅडम्सचे इंजिन उन्हात चालत असे आणि सूर्य ढगाआड गेला की थांबत असे. ऊर्जा मिळाली, पण ती साठवायची कशी, हा प्रश्न शिल्लक राहिला. हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावा, कारण पुढच्या सगळ्या कथेत तो वेगवेगळ्या रूपांत भेटतो.

पॅरिसमधील पात्र

उष्णतेचा टप्पा वगळून प्रकाशापासून थेट वीज मिळते, हे याच्या ४० वर्षे आधी लक्षात आले होते. १८३९ साली एदमाँ बेक्वेरल हा एकोणीस वर्षांचा फ्रेंच तरुण आपल्या वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. सिल्व्हर क्लोराइडचा लेप दिलेली प्लॅटिनमची पट्टी आम्लयुक्त द्रावणात बुडवून त्याने ती दुसऱ्या पट्टीला जोडली. पट्टीवर प्रकाश टाकताच तारेतून विद्युतधारा वाहू लागली. जगातला पहिला सौरघट असा एका पात्रात, द्रावणात जन्मला. यातली ओली मांडणी लक्षात ठेवावी, कारण पुढे कोल्हापुरात आपल्याला तीच भेटणार आहे.

नंतर कोरड्या घटाचा शोध लागला. १८७३ साली विलोबी स्मिथ या तारायंत्र अभियंत्याने समुद्राखालच्या तारा तपासण्यासाठी सेलेनियमच्या कांड्या वापरल्या, तेव्हा प्रकाश पडला की त्यांचा रोध कमी होतो असे आढळले. १८७६ साली लंडनमध्ये विल्यम ग्रिल्स अ‍ॅडम्स आणि रिचर्ड डे यांनी सेलेनियमवर नुसता प्रकाश टाकून विद्युतधारा निर्माण केली. (नामसाधर्म्यामुळे गोंधळ होऊ नये. हा अ‍ॅडम्स लंडनमधील प्राध्यापक, मुंबईचा अ‍ॅडम्स वेगळा.) १८८३ साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्सने धातूच्या पत्र्यावर सेलेनियमचा थर दिला, त्यावर अत्यंत पातळ सोन्याचे आवरण चढवले आणि पहिले सौर पॅनेल बनवले. त्याची कार्यक्षमता सुमारे एक टक्का होती. म्हणजे पडणाऱ्या ऊर्जेच्या शंभर भागांपैकी एक भाग विजेत रूपांतरित होई.

त्या काळच्या अनेक शास्त्रज्ञांना ही वीज संशयास्पद वाटली. इंधन जळत नाही, उष्णता खर्च होत नाही, मग वीज येते कुठून? प्रकाश ठरावीक ऊर्जेच्या पुंजांच्या रूपात इलेक्ट्रॉनला ऊर्जा देतो, हे स्पष्टीकरण आइन्स्टाइनने १९०५ साली मांडले. पुढे त्यासाठी त्यांना १९२१चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सहा टक्क्यांची मजल

आजच्या चार्जरवरचे पॅनेल सिलिकॉनचे असते. त्याचा जन्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. डॅरिल चेपिन या अभियंत्याकडे काम होते ते उष्ण व दमट प्रदेशातील टेलिफोन यंत्रणांना वीज पुरवण्याचे. अशा हवेत कोरडे विद्युतघट लवकर खराब होत. तात्पर्य, लहान विद्युत उपकरण वीजवाहिनीपासून दूर कसे चालवायचे, हाच मूळ प्रश्न होता. चेपिन, रसायनशास्त्रज्ञ कॅल्व्हिन फुलर आणि भौतिकशास्त्रज्ञ जेराल्ड पिअर्सन या तिघांनी शुद्ध सिलिकॉनच्या पातळ चकतीत अल्प अशुद्धी मिसळून दोन वेगळ्या गुणांचे थर तयार केले. या थरांच्या सीमेवरचे विद्युतक्षेत्र प्रकाशाने मुक्त झालेल्या इलेक्ट्रॉनना एका दिशेने ढकलते. २५ एप्रिल १९५४ रोजी हा घट लोकांसमोर आला. त्यावर एक खेळण्यातला पाळणा आणि एक लहान रेडिओ प्रक्षेपक चालवून दाखवला होता. कार्यक्षमता होती सहा टक्के.

किंमत मात्र आवाक्याबाहेर होती. १९५६ मध्ये चेपिन यांनी केलेल्या हिशेबानुसार एका वॅटला २८६ डॉलर पडत. एवढी किंमत मोजणारे गिऱ्हाईक पृथ्वीवर नव्हते, पण अवकाशात होते. १७ मार्च १९५८ रोजी सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहात दोन प्रक्षेपक होते. रासायनिक बॅटरीवरचा काही महिन्यांत बंद पडला, तर सौरघटांवरचा १९६४ पर्यंत संदेश पाठवत राहिला.

१९७३च्या तेलसंकटानंतर सगळ्या जगाचे लक्ष पुन्हा सूर्याकडे गेले. आपल्याकडे दिल्लीजवळ साहिबाबाद येथे १९७४ साली सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिने १९७७ मध्ये देशातला पहिला सौरघट आणि १९७८ मध्ये पहिले सौर पॅनेल तयार केले.

पण सिलिकॉनची अडचण समजून घ्यायला हवी. सिलिकॉन वाळूत मुबलक आहे, परंतु ते सौरघटासाठी लागेल इतके शुद्ध करणे, सुमारे १४१४ अंश सेल्सिअसला वितळवणे, त्याचा स्फटिक वाढवणे आणि कापून चकत्या करणे यासाठी मोठा कारखाना लागतो. बेक्वेरलचा घट टेबलावर बनत होता, फ्रिट्सचाही कार्यशाळेत बनला. सिलिकॉनबरोबर सौरघट बनवण्याचे काम सामान्य माणसाच्या हातून गेले. ते पुन्हा हाताशी आणता येईल का, हा प्रश्न ज्या ठिकाणी चिकाटीने विचारला गेला, त्यांपैकी एक कोल्हापूर होते.

कोल्हापुरातील चंचुपात्र

साधने नाहीत म्हणून अडून न बसण्याची परंपरा कोल्हापूरला आहे. १९१८च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने सिनेमाचा कॅमेरा येथेच घडवला होता. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात १९८०च्या दशकापासून सौरघटांवर जे संशोधन झाले, त्याची जातकुळीही अशीच आहे.

महागडी निर्वात यंत्रे न वापरता अर्धवाहकाचा पातळ थर काचेवर चढवता येईल का, हा तिथला प्रश्न होता. प्रा. एस. एच. पवार, प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी यासाठी विद्युत निक्षेपण, रासायनिक निक्षेपण अशा पद्धतींचा पद्धतशीर अभ्यास केला. प्रा. पी. एस. पाटील यांनी तापवलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून थर तयार करण्याच्या पद्धतीवर काम केले. आर. एस. माने आणि लोखंडे यांनी २००० साली रासायनिक निक्षेपणाचा आढावा घेणारा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. असे थर बनवणाऱ्या जगभरच्या संशोधकांनी त्याचा संदर्भ घेतला आहे.

रासायनिक निक्षेपणाची पद्धत अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रावरून समजण्यासारखी आहे. कॅडमियमच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया घातला, की कॅडमियमचे आयन अमोनियाच्या रेणूंशी बांधले जाऊन जटिल आयन बनतात. मोकळे आयन फार थोडे उरतात. आता त्यात थायोयुरिया घातला आणि पात्र गरम केले, तर थायोयुरियाचे हळूहळू विघटन होऊन सल्फाइडचे आयन सुटू लागतात. दोन्ही आयन मोकळे असते, तर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा साका क्षणात तळाशी बसला असता. पण एक आयन बांधलेला आणि दुसरा थेंबाथेंबाने येणारा, म्हणून द्रावणात उभ्या ठेवलेल्या काचेच्या पट्टीवर पिवळा, चिकटून बसणारा थर सावकाश वाढत जातो. त्याची जाडी एक मायक्रॉनहून कमी भरते. आपला केस याच्या कित्येक पट जाड असतो. सगळे काम १०० अंशांच्या आत, एका चंचुपात्रात होते. विद्राव्यता गुणाकार आणि जटिल आयन हे पाठ्यपुस्तकात रुक्ष वाटणारे घटक इथे सौरघट घडवताना दिसतात.

असा थर विद्युतवाहक पट्टीवर घेऊन ती सोडियम पॉलिसल्फाइडच्या द्रावणात बुडवली, समोर ग्रॅफाइटची कांडी ठेवली आणि प्रकाश पाडला, की विद्युतधारा मिळते. याला प्रकाश-विद्युतरासायनिक घट म्हणतात. वाचकांच्या लक्षात आले असेलच, पॅरिसमधील १८३९ची मांडणी इथे नव्या पदार्थांसह परत आली आहे. अर्धवाहक आणि द्रावण यांच्या सीमेवर विद्युतक्षेत्र आपोआप तयार होते, त्यामुळे सिलिकॉनमधील दोन थरांचा खटाटोप वाचतो.

मग आपल्या चार्जरवर हा घट का नाही? त्याला तीन कारणे आहेत. पहिले, त्याची कार्यक्षमता सिलिकॉनच्या मानाने फार कमी राहिली. दुसरे, द्रावण आणि प्रकाश मिळून काही काळाने त्या थरालाच खाऊ लागतात, म्हणजे घट टिकत नाही. तिसरे, कॅडमियम विषारी आहे. म्हणूनच हा प्रयोग शाळेत किंवा घरी मुळीच करू नये.

तरीही हे श्रम वाया गेले असे समजणे चूक ठरेल. तांबे-इंडियम-गॅलियम-सेलेनियम प्रकारच्या पातळ थरांच्या सौरघटांत एक मधला नाजूक थर लागतो. तो कॅडमियम सल्फाइडचा, रासायनिक निक्षेपणाने दिलेला, असण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ आहे. चंचुपात्रातली युक्ती अशा रीतीने कारखान्यात गेली.

विषारी पदार्थ टाळून बेक्वेरलचा अनुभव घ्यायचा असेल, तर तांब्याचा प्रयोग करावा. तळहाताएवढा तांब्याचा स्वच्छ पत्रा शेगडीवर अर्धा तास लाल होईपर्यंत तापवावा आणि सावकाश थंड होऊ द्यावा. वरची काळी खपली बरीचशी आपोआप सुटते. उरलेली हळुवार धुऊन काढली, की खाली क्यूप्रस ऑक्साइडचा तांबूस थर दिसतो. हा पत्रा आणि एक न तापवलेला पत्रा एकमेकांना न लागता मिठाच्या पाण्यात उभे करून मायक्रोअँमीटरला जोडावेत. पत्रे सावलीत ठेवून आणि मग उन्हात आणून, दोन्ही वेळा काटा वाचावा. उन्हातला फरक काही दहा मायक्रोअँपिअर भरतो. समजा तो ५० आहे. मोबाइलला लागते १ अँपिअर. तेवढ्या धारेसाठीच असे २०,००० पत्रे लागतील, आणि ५ व्होल्टसाठी त्यांच्या आणखी कितीतरी माळा! सिलिकॉनचा कारखाना का लागला, हे या एका भागाकारातून विद्यार्थ्यांना उमगते.

उपकरणांची भूक आटली

घरगुती सौर चार्जर शक्य झाला तो केवळ पॅनेल सुधारले म्हणून नव्हे. दुसऱ्या बाजूने उपकरणांची विजेची गरज घटत गेली. ट्रान्झिस्टरने रेडिओ खिशात आणला. द्रवस्फटिक पडदा असलेल्या गणकयंत्राला इतकी कमी वीज लागू लागली, की १९७६ मध्ये सौरघटांवर चालणारे गणकयंत्र बाजारात आले. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड कार्लसन आणि क्रिस्टोफर रॉन्स्की यांनी अस्फटिकी सिलिकॉनचा सौरघट सादर केला. १९८० पासून जपानी कंपन्यांनी असे घट गणकयंत्रांवर बसवले. वर्गातल्या ट्यूबलाइटच्या उजेडातही चालणारे गणकयंत्र अनेक विद्यार्थ्यांच्या दप्तरात असते. त्यांच्या हाताला लागलेला तो बहुधा पहिला सौरघट!

साठवणीची कथा वेगळी आहे. शिसे-आम्ल संचायक गास्तों प्लाँते याने १८५९ साली बनवला, निकेल-कॅडमियम घट वाल्देमार युंगनर याने १८९९ साली. लिथियम-आयन घट १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणला. त्यामागच्या मूलभूत कामासाठी स्टॅनले व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मोबाइलमध्ये हाच घट असतो. तो हलका आहे, पण लाडावलेलाही आहे. भरताना त्याचे विभवांतर साधारणपणे ४.२ व्होल्टपेक्षा वर गेले, तर तो तापून पेट घेऊ शकतो.

आणखी एक साधी वाटणारी गोष्ट म्हणजे जोडणी. एके काळी प्रत्येक कंपनीच्या मोबाइलचा चार्जर वेगळा असे. १९९६ साली संगणकाच्या जोडउपकरणांसाठी यूएसबी ही पद्धत आली. तिच्यातून ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो. पुढे मोबाइलनेही तीच जोडणी स्वीकारली. घरी चार्जर जुळवणाऱ्याला त्यामुळे निश्चित लक्ष्य मिळाले, ५ व्होल्ट.

चार भाग, चार प्रश्न

आता चार्जरची जुळणी पाहू. त्यात चार भाग असतात: पॅनेल, डायोड, साठवण आणि नियंत्रक.

सिलिकॉनचा एक घट, लहान असो वा मोठा, भारावर असताना सुमारे अर्धा व्होल्ट देतो. क्षेत्रफळ वाढवले, तर धारा वाढते, विभवांतर नाही. म्हणून घट माळेसारखे एकसर जोडतात. १२ घटांचे ६ व्होल्ट होतात, ३६ घटांचे सुमारे १८. बारा व्होल्टच्या बॅटरीला १८ व्होल्टचे पॅनेल का, असे विद्यार्थी विचारतात. याचे एक कारण उष्णता. घटाचे तापमान एका अंशाने वाढले, की त्याचे विभवांतर साधारण २ मिलिव्होल्टने उतरते. मे महिन्यात कोल्हापूरच्या पत्र्यावर पॅनेल ३० अंशांनी जास्त तापले, तर ३६ घटांमागे २ व्होल्टहून जास्त घट होते. ऊन कडक म्हणजे वीज जास्त, ही समजूत अर्धीच खरी आहे. प्रकाश हवा, ताप नको. पॅनेलच्या मागे हवा खेळती ठेवावी, ती यासाठी.

डायोड एकाच दिशेने धारा जाऊ देतो. तो नसेल तर रात्री बॅटरीतली वीज उलट पॅनेलमधून वाहून जाते. साठवण म्हणजे संचायक घट. नियंत्रक पॅनेलचे चढउतार झेलून ठरावीक विभवांतर पुढे देतो.

शाळेसाठी सर्वांत निर्धोक मांडणी निकेल-मेटल हायड्राइडच्या पेन्सिल सेलची. ६ व्होल्ट, २०० मिलिअँपिअरचे पॅनेल, एक डायोड आणि २००० मिलिअँपिअर-तासांचे तीन सेल एकसर जोडावेत. क्षमतेच्या एक-दशांश धारेने हे सेल भरणे सुरक्षित असते, आणि पॅनेल मुळातच २०० मिलिअँपिअरहून जास्त देऊ शकत नाही. पॅनेलची ही मर्यादाच इथे नियंत्रकाचे काम करते. सेल भरायला सुमारे १५ तासांचे ऊन, म्हणजे तीन चांगले दिवस लागतात. त्यांवर वाचनापुरता एलईडी दिवा चालवता येतो. मोबाइलसाठी मात्र सुटा लिथियम घट घेऊन जोडाजोड करू नये. तयार पॉवर बँक घ्यावी. तिच्यात संरक्षक मंडल असते. पॅनेल आणि तिच्यामध्ये ५ व्होल्टचा नियंत्रक बसवला की झाले.

असे जुळणीचे काम केवळ छंदापुरते राहिलेले नाही. आयआयटी मुंबईत त्या वेळी प्राध्यापक असलेल्या चेतनसिंह सोलंकी यांच्या पुढाकाराने २०१४ पासून 'सोल' या प्रकल्पाखाली विद्यार्थ्यांसाठीचे सौर अभ्यासदिवे गावातच जुळवले गेले. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हे काम झाले. स्थानिक लोकांना जुळणी आणि दुरुस्ती शिकवणे, हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. सौरघट कारखान्यातून आला, तरी बाकीचे ज्ञान गावात राहिले. बंद पडलेला दिवा कोणाकडे न्यायचा, हे लोकांना ठाऊक होते.

पावसाळ्याचे गणित

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. हा हिशेब फळ्यावर मांडण्याजोगा आहे.

आजच्या मोबाइलची बॅटरी ४००० मिलिअँपिअर-तासांची आणि ३.७ व्होल्टची धरली, तर तिच्यात सुमारे १५ वॅट-तास ऊर्जा मावते. आपले पॅनेल ५ वॅटचे. भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. २० टक्के कार्यक्षमतेला ५ वॅटसाठी २५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या पानाएवढी जागा पुरते. (बेल प्रयोगशाळेच्या १९५४च्या घटांना सव्वातीनपट, तर फ्रिट्सच्या पॅनेलला अर्धा चौरस मीटर जागा लागली असती.) दिवसातून पाच तासांच्या भर उन्हाइतकी ऊर्जा मिळाली, तर २५ वॅट-तास होतात. नियंत्रक, साठवण आणि भरणी यांतली गळती ४० टक्के धरू. हाती १५ वॅट-तास उरतात. म्हणजे उन्हाळ्यात दिवसाला एक मोबाइल पूर्ण भरतो. हिशेब जमला!

ऑगस्टच्या महापुरात चित्र पालटते. दाट ढगांत पॅनेलला भर उन्हाच्या दहावा हिस्सा प्रकाश मिळाला, तर हाती येतात दीड वॅट-तास. मोबाइल दिवसाला एक-दशांशच भरेल. त्यातही तो पॅनेलला थेट जोडला असेल, तर एवढ्या क्षीण धारेवर भरणी सुरूच होणार नाही. माथ्यावरचा सूर्य असा हाताशी येत नाही.

पण हिशेब इथे थांबवू नये. १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक पाऊस लागण्याआधी उन्हात भरून ठेवली असेल, तर तिच्यात ३७ वॅट-तास असतात. गळती वजा जाता २४ उरले, तरी मोबाइल दीड वेळा भरतो. शिवाय साध्या बटणांच्या मोबाइलची बॅटरी १००० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे जेमतेम ३.७ वॅट-तासांची असते. ढगाळ दिवसाचे दीड वॅट-तास तिला ४० टक्के भरतात. असा मोबाइल एका भरणीवर कित्येक दिवस चालतो. म्हणजे महापुराच्या आठवड्यात नुसते पॅनेल निरुपयोगी, मोठ्या मोबाइलला ते अपुरे, पण भरून ठेवलेली साठवण आणि कमी भुकेचे उपकरण सोबत असेल, तर तेच पॅनेल संपर्क तुटू देणार नाही. कुलाब्यातील आरशांपुढे उभा राहिलेला साठवणीचा प्रश्न इथे वहीच्या पानाएवढ्या जागेत सुटलेला दिसतो, मात्र पूर्वतयारी केली असेल तरच.

नदीकाठच्या शाळांतील शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. जूनमध्ये शाळा सुरू होताच आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी एक पॅनेल आणि मल्टिमीटर घेऊन रोज दुपारी बारा वाजता धारेची नोंद सुरू करावी. पॅनेल आडवे, सपाट ठेवावे. शेजारच्या रकान्यात आकाश कसे होते ते लिहावे: निरभ्र, विरळ ढग, दाट ढग, पाऊस. ही नोंद ऑगस्टअखेरपर्यंत चालवावी. वर आपण दाट ढगांसाठी दहावा हिस्सा धरला आहे. तुमच्या गावात तो खरोखर किती येतो, हे या वहीतून कळेल. त्या आकड्यावरून शाळेच्या चार्जरला किती वॅटचे पॅनेल आणि केवढी साठवण लागेल, याचा हिशेब विद्यार्थ्यांनीच करावा आणि पुढच्या पावसाळ्याआधी तो चार्जर जुळवून, भरून, शाळेच्या कपाटात ठेवावा.